टिचकीसाहेब आणि हरवलेले चाळीस गुण

टिचकीसाहेबांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते ती आधी वाजवून बघत. मडकं वाजवून घ्यावं हे आपण सगळेच जाणतो. पण हा माणूस बशी वाजवी, पुस्तकाचा पुठ्ठा वाजवी, भाड्यानं घ्यायच्या खोलीची भिंत वाजवी. खिशातली पेन्सिल उलटी धरायची, दोन हलक्या टिचक्या मारायच्या, मान तिरकी करून ऐकायचं आणि मग "हाय, ठीक हाय" किंवा "पोकळ" असा निकाल द्यायचा. जयपूरच्या चांदपोल भागातल्या एका कुंभाराकडे मी आणि आई त्यांच्याबरोबर सुरई घ्यायला गेलो होतो. वीसेक सुरया वाजवून त्यांनी एक निवडली. कुंभार आधी वैतागला होता. मग तो त्यांच्यासमोर उकिडवा बसून स्वतःच एकेक सुरई पुढे करू लागला आणि निघताना म्हणाला, "बाबूजी, ये कान तो हमारे घर में होने चाहिए थे." साहेबांना हे ऐकून इतका आनंद झाला, की त्यांनी आणखी एक सुरई घेतली आणि वाटेत ती आईला देऊन टाकली.

हा कान वडिलांकडून आला होता. वडील मिरजेत तंबोरे दुरुस्त करत. भोपळा पिकलाय की कच्चा आहे, लाकूड कुठे चिरलंय, हे ते बोटानं वाजवून ओळखत. मुलानं तंबोरे सोडून रेडिओ धरला आणि रेडिओवरून पुढे मोठ्या यंत्रांकडे वळला, तरी वाजवण्याची सवय काही सुटली नाही. आमच्या ऑफिसातला शिपाई त्यांना 'ठकठक साहब' म्हणायचा. आमच्या घरी त्याचं 'टिचकीसाहेब' झालं. खरं नाव हजेरीपटात होतं, तिथेच राहिलं.

आम्ही मूळचे अमरावतीचे. बाबा तार खात्यात होते आणि बदलीनं जयपूरला आले. शास्त्रीनगरात आम्हांला क्वार्टर मिळालं होतं. मी इथेच गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि एका सरकारी गणनकेंद्रात नोकरीला लागले. साठचं दशक उतरणीला लागलं होतं. परीक्षांचे निकाल, जनगणनेचे तक्ते, असली कामं करायला तिथे एक परदेशी कॉम्प्युटर आला होता. कॉम्प्युटर हा शब्द कुणाच्या तोंडी बसला नव्हता. सगळे नुसतं 'मशीन' म्हणत. चार गोदरेजची कपाटं एका रांगेत उभी करावीत, तसं ते दिसे. आम्ही सहा मुली जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून आकडे उतरवायचो, मशीन ती भोकं वाचायचं, हिशेब करायचं आणि छापून द्यायचं. ज्या कंपनीचं हे मशीन, तिनं त्याच्या देखभालीसाठी आमच्याकडे ठेवलेले इंजिनिअर म्हणजे टिचकीसाहेब.

ते आम्हां मुलींना 'बाई' म्हणत. मी एकवीस वर्षांची आणि ते चाळिशी ओलांडलेले, तरी 'सुधाबाई'. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मशीनला आकडा कोण देतंय? तुम्ही. मग मान आधी तुमचा, मग मशीनचा, मग उरला तर माझा." आमच्यातली एकजण मशीनच्या खोलीत चपला काढून जायची आणि शिपाई दर मंगळवारी मशीनला टिळा लावायला बघायचा. दुसरा एखादा साहेब रागावला असता. यांनी शिपायाला शांतपणे समजावलं, "भैया, टीका दरवाजे को लगाओ. अंदर लगाओगे तो कुंकू उडेगा, और मशीन को खांसी होगी." तेव्हापासून मंगळवारी दरवाजाला टिळा लागू लागला आणि साहेब येताजाता त्याला नमस्कार करू लागले.

मशीनमध्ये हजारो बारीक पार्ट होते आणि त्यांतला एखादा बिघडला, की सगळं ठप्प होई. मग साहेब कपाटाचं दार उघडून पार्ट बसवलेल्या एकेका पाटीवर पेन्सिलीनं टिचक्या मारत. कुठे जोडणीचा डाख सुटला असेल, तर टिचकीसरशी मशीनचा एखादा दिवा लुकलुके आणि साहेबांचा चेहरा उजळे. काढलेला पार्ट मात्र ते टाकून देत नसत. त्यांच्याकडे लवंगा ठेवायची पितळी डबी होती. तिच्यात ते मेलेले पार्ट कागदात गुंडाळून ठेवत आणि कागदावर बारीक अक्षरात मृत्युलेख लिहीत. 'हा होळीच्या आदल्या दिवशी गेला. दोन दिवस आजार लपवला.' 'ह्याचा दोष नव्हता, ह्याच्या शेजाऱ्याचा होता.' जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते लेख वाचून हसायचो आणि हसता हसता कुठला पार्ट कशानं दगावतो, ते आम्हांला नकळत कळायला लागलं.

रविवारी ते आमच्याकडे जेवायला असत. त्यांचं कुटुंब मिरजेला. त्यांच्या आईला पक्षाघात झाला होता आणि बायको तिची सेवा करायला तिथेच राहिली होती. सोडाला भागातल्या भाड्याच्या खोलीत एकटा माणूस काय रांधणार, म्हणून माझ्या आईनंच आग्रह धरला. आईची भाषा वऱ्हाडी, त्यांची मिरजेकडची. आई विचारायची, "काऊन भाऊजी, जेवून नाही राहिले?" ते म्हणायचे, "जेवतोय की वहिनी, जरा दम खातोय." आम्ही भावंडं दोघांच्याही नकला करायचो आणि आमच्या स्वतःच्या मराठीत निम्मं हिंदी असायचं. साहेब आमची चूक कधी सुधारत नसत. फक्त तेच वाक्य बरोबर करून स्वतः पुन्हा बोलत. मी म्हटलं, "मला उद्या जल्दी जायचंय," की ते म्हणणार, "हो का, उद्या लवकर जायचंय?" आणि आमटी ओरपणार.

हे सगळं सुखानं चाललं होतं आणि मग तो मे महिना आला.

कॉलेजच्या परीक्षांचे निकाल आमच्याकडे होते. निकाल लागला आणि चौथ्या दिवशी मुलींच्या एका कॉलेजातून तक्रार आली. तिथल्या काही हुशार मुली फक्त गणितात नापास झाल्या होत्या. आमचे संचालक माथुरसाहेब सरळ आणि शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी सकाळी त्या कॉलेजची सगळी कार्डं काढून मशीनमधून पुन्हा फिरवली. तक्रार आलेल्या सगळ्या मुली पास. सदुसष्ट, चोपन्न, एकाहत्तर. पहिल्यांदा मात्र छापलं होतं सत्तावीस, चौदा, एकतीस.

त्यांनी टिचकीसाहेबांना विचारलं. साहेबांनी रोज सकाळी मशीनची चाचणी घेऊन वहीत सही केलेली होती: 'यंत्र निर्दोष'. मग प्रश्न उरला कार्डांचा. त्या कॉलेजचा गठ्ठा माझ्या टेबलावर तयार झाला होता. माथुरसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "गलती सबसे होती है, बेटी. लेकिन गलती करके कार्ड बदल देना, ये गलती नहीं है." मी आधी चुकीची कार्डं केली आणि तक्रार आल्यावर गुपचूप नवी करून ठेवली, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, असा मेमो त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी टिचकीसाहेबांकडे बघितलं. ते वहीतल्या स्वतःच्या सहीकडे बघत होते.

घरी येऊन मी रडले. बाबा म्हणाले, "सोमवारी मी भेटतो तुझ्या माथुरसाहेबांना." आई म्हणाली, "भेटून काय सांगान? पोरीकडे कागद पाह्यजे." तेवढं एक वाक्य मला पुरलं. खुलासा लिहिण्यासाठी बरोबर आणि चूक, असे दोन्ही निकाल मी ऑफिसातून उतरवून आणले होते. मी ते समोरासमोर मांडले आणि वजाबाकी करत बसले. सदुसष्टातून सत्तावीस गेले, चाळीस. चोपन्नातून चौदा गेले, चाळीस. एकाहत्तरातून एकतीस, चाळीस. प्रत्येक मुलीचे बरोबर चाळीसच गुण हरवले होते. आणि ज्यांना ऐंशीच्या वर किंवा चाळिसाच्या आत गुण होते, त्यांचं काहीही बिघडलं नव्हतं. माणसाच्या हातून चूक झाली असती, तर ती इतकी नेमानं झाली नसती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साहेब जेवायला येतील की नाही, अशी आम्हांला शंका होती. आले, पण दारातच उभे राहिले. "वहिनी, आज जेवायला नाही आलो. सुधाबाईंना तोंड दाखवायला आलोय." मी काही न बोलता वजाबाकीचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाजवला नाही. नुसताच बघत राहिले. मग खाली बसले आणि म्हणाले, "चार. चारचा पाय मोडतोय."

त्यांनी मला समजावलं ते असं. मशीनला आपले दहा आकडे कळत नाहीत. त्याच्याकडे आठ, चार, दोन आणि एक अशी चारच वजनं असतात. त्यांच्या बेरजेतून ते प्रत्येक आकडा तोलतं. सहा म्हणजे चार आणि दोन. त्यातलं चारचं वजन पडलं, की उरले दोन. म्हणजे साठाचे झाले वीस. चार, पाच, सहा, सात या सगळ्या आकड्यांत चारचं वजन असतं. आठात नाही, तिनात नाही. "गणिताच्या रकान्यात दशकाच्या जागी चारचं वजन धरणारा जो पार्ट हाय, तो मधनंच हात सोडतोय. तुमचा गठ्ठा किती वाजता फिरवला होता?"

"दुपारी. दोनच्या पुढे."

"आणि माझी चाचणी सकाळी आठला." त्यांनी कागद खाली ठेवला. "दुपारी विजेचा दाब पडतो, खोली थंड करायचं यंत्र दमतं, मशीन तापतं. मी बारा वर्षं लोकांना सांगत आलो, आधी ऐका, मग बोला. आणि सही करताना स्वतः ऐकलं नाही."

आईनं ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. "भाऊजी, उपाशी पोटी मशीन दुरुस्त होत नाही," म्हणाली. ते जेवले.

सोमवारी दुपारी दोन वाजता त्यांनी माथुरसाहेबांना मशीनच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि खोली थंड करायचं यंत्र बंद केलं. बाहेर जयपूरचा मे होता. सदुसष्ट गुणांचं एक कार्ड मशीन पुन्हा पुन्हा वाचून छापत राहील, अशी त्यांनी व्यवस्था केली. कागदावर सदुसष्ट, सदुसष्ट, सदुसष्ट असे आकडे उतरू लागले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. माथुरसाहेबांनी कोट काढला. शिपाई पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालू लागला, तसे साहेब म्हणाले, "मशीन की तरफ हवा मत जाने देना, भैया." अर्धा तास होऊन गेला तरी सदुसष्टच. माथुरसाहेब घड्याळ बघून उठायला लागले आणि कागदावर आलं सत्तावीस. मग पुन्हा सदुसष्ट. मग सलग चार वेळा सत्तावीस.

माथुरसाहेब खाली बसले. मला म्हणाले, "बेटी, वो मेमो मुझे वापस दे दो." मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो सगळ्यांसमोर फाडला आणि तुकडे स्वतःच्या खिशात ठेवले.

खरी गंमत पुढेच आहे. पार्ट सापडेना. साहेबांनी सगळ्या पाट्यांवर टिचक्या मारल्या, पण एकही दिवा हलला नाही. डाख सुटला असता तर टिचकीला सापडला असता. इथे पार्टच आतून कच्चा होता. मी इतके दिवस बघत होते, त्यात त्यांच्या कानानं पहिल्यांदाच दगा दिला. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि दवाखान्यातून मागवलेलं स्पिरिट काढलं. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून तो एकेका पार्टाला लावायचा. स्पिरिट उडतं, पार्ट गार होतो. छापणं चालूच होतं. मी कागदाजवळ उभी राहून मोठ्यानं आकडे वाचत होते. "सत्तावीस. सत्तावीस. सत्तावीस." त्यांनी वाटाण्याएवढ्या एका ट्रान्झिस्टरला बोळा लावला.

"सदुसष्ट," मी म्हणाले.

त्यांनी बोळा काढला. मिनिटभरानं पुन्हा सत्तावीस. बोळा लावला, सदुसष्ट. त्यांनी हे पाच वेळा केलं. गरज दोनदाच होती. उरलेल्या तीन वेळा केवळ हौस. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि ते लग्नात अक्षता टाकल्यासारखे हसत होते.

मग त्यांनी तो ट्रान्झिस्टर बाहेर काढला, उलटसुलट केला आणि त्यांचं हसू थांबलं. दोन महिन्यांपूर्वी कंपनीकडून नवीन पाकीट आलं होतं. हा त्यातला होता आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलेला होता. त्याच पाकिटातले आणखी काही मशीनमध्ये होते. त्यांनी ते सगळे त्याच दिवशी काढले आणि स्पिरिट लावून, दिव्याखाली तापवून तपासले. निम्मे कच्चे निघाले. वहीत त्यांनी सगळं लिहिलं: पार्ट कुठला, कधी बसवला, कुणी बसवला. खाली लिहिलं, 'चाचणी फक्त सकाळी घेतली, ही माझी चूक. कार्डं करणाऱ्या बाईंचा काही दोष नाही.'

आठवड्यानं कंपनीच्या दिल्लीच्या ऑफिसातून एक गृहस्थ आले. पार्ट खराब निघाले हे लेखी राहू नये, विजेचा दाब कमीजास्त झाला एवढंच लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेबांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "पान फाडायचं असेल तर तुम्ही फाडा. पण खाली माझी सही हाय, आणि पानांवर नंबर हायत." त्या गृहस्थांनी पान फाडलं नाही. साहेबांची त्या वर्षीची बढती मात्र अडकली. विचारलं तर म्हणत, "बढती काय, तिलाही जरा तापवून बघतायत."

त्या काळातल्या सगळ्या दुपारांचे निकाल आम्ही पुन्हा काढले. साहेबांचा मशीनवर विश्वास होता, तरी प्रत्येक आकडा मूळ गुणपत्रिकेशी ताडून बघायचा, असं त्यांनीच ठरवलं. ते वाचत आणि आम्ही खुणा करत असू. दोन आठवडे त्यांचा घसा बसला होता. सुधारलेले निकाल टपालानं रवाना झाले.

पण सदुसष्टवाली मुलगी त्यांच्या मनातून जात नव्हती. तिचं नाव विमला. जयपूरजवळच्या सांगानेरला तिचे वडील कापडावर ठशांनी छपाई करत. "टपाल पोचेल तवा पोचेल, सुधाबाई. आपण जाऊ या," म्हणाले. माथुरसाहेबांची परवानगी घेऊन आम्ही बसनं सांगानेरला गेलो. अंगणात ओलं कापड वाळत होतं. विमलाचे वडील छापण्याच्या मेजावर वाकलेले होते आणि विमला ठशाला रंग लावून देत होती. गणितात नापास म्हणून तिचं कॉलेज बंद झालं होतं. अजमेरकडचं एक स्थळ पक्कं करायला दोन दिवसांनी पाहुणे येणार होते.

साहेबांचं हिंदी कच्चं होतं आणि भावना दाटल्या की ते आणखी बिघडे. ते अंगणात उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "भाईसाहब, आपकी लडकी फेल नहीं हुई. हमारा मशीन फेल हुआ. और मशीन का मास्टर मैं है, तो मैं फेल हुआ."

विमलाच्या वडिलांना काही कळेना. मी पुढे होऊन सगळं सांगितलं आणि नवी गुणपत्रिका त्यांच्यापुढे केली. त्यांच्या हाताला रंग लागलेला होता, म्हणून त्यांनी ती दोन्ही कोपरांच्या मध्ये धरली. विमलानं आकडा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मैंने इन्हें बोला था, वो सवाल मैंने किये थे. किसी ने माना नहीं."

"मी मानतो की," साहेब मराठीतच म्हणाले. तिला ते कळलं.

साहेब तिच्या वडिलांशी बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मला पुरतं ऐकू आलं नाही, कारण विमला मला ठसे दाखवत होती. निघताना तिचे वडील म्हणाले, "मेहमानों को कहलवा देंगे. अभी लड़की पढ़ रही है." परतीच्या बसमध्ये साहेब खिडकीशी बसून पुढच्या सीटच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरत होते. त्या ठेक्यात तपासणी अजिबात नव्हती.

त्या पावसाळ्यात त्यांनी मला मशीनसाठी प्रोग्रॅम लिहायला शिकवायचं मनावर घेतलं. माथुरसाहेबांना जाऊन सांगितलं, "जी लडकी मशीन की गलती पकडती है, उससे भोकं काय पाडून घेताय?" वाक्य अर्ध्यात मराठी झालं, तरी माथुरसाहेबांना समजलं. वर्षभरानं मी भोकं पाडणाऱ्या टेबलावरून उठून मशीनच्या खोलीत गेले. पुढची सगळी नोकरी मी तेच काम केलं.

त्यांची बदली मद्रासला झाली. निरोपाला सगळं ऑफिस स्टेशनवर होतं. आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. ते डब्यात चढले आणि खिडकीतून मला म्हणाले, "सुधाबाई, मी रविवारी दारात आलो तवा तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, कागद दिलात. ते बरं केलंत. बोलला असतात तर मी माफी मागून मोकळा झालो असतो." गाडी हलली. पुढे काही वर्षं दिवाळीला पत्र येत राहिलं, मग तेही थांबलं.

निवृत्त झाल्यावर एका लग्नाच्या निमित्तानं मी मिरजेला गेले आणि त्यांचं घर शोधून काढलं. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. मी नाव सांगितलं, जयपूर म्हटलं.

"म्हणजे वजाबाकीवाली सुधाबाई तुम्हीच?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडे शिकायला पोरं यायची ना, त्यांना पहिल्या दिवशी तुमची गोष्ट सांगायचे. बारा वर्षं अनुभव असलेला इंजिनिअर कसा गाढव ठरला आणि एका मुलीनं घरी बसून मशीनचा आजार कसा ओळखला. लई रंगवून सांगायचे. मला वाटायचं, पोरांना उमेद यावी म्हणून बनवून सांगतायत."

मी म्हणाले, बनवून नाही, पण ते अर्धीच सांगत होते. वहीतलं पान, दिल्लीचे गृहस्थ, अडकलेली बढती, सांगानेरचं अंगण, यांतलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला आत नेऊन पलंगावर बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "थांबा हं, मी आल्याशिवाय सुरू करू नका. मला पहिल्यापासून सगळं ऐकायचंय."